मदत हवी आहे: पावसाळ्यात 800 रुपयांत दोघांचा आठवडा

नमस्कार मंडळी. गोव्यात ताळगावात भाड्याची खोली, एक शेगडी, फ्रिज नाही. बेत असा: 3 किलो उकडे तांदूळ, अर्धा किलो कुळीथ, तेवढेच अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), एक नारळ, थोडी सोलां (आमसुलं). 31 जुलैपर्यंत ट्रॉलरबंदी, ताजी मासळी महाग, म्हणून सुक्या बांगड्यांवर भिस्त.

कुळीथ 10 तास भिजवून, निथळून फडक्यात बांधले तरी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. फडकं नीट पिळलं जात नाही म्हणून, की हवाच दमट म्हणून? मोड सोडून पिठीच करावी का?

फोडलेला नारळ दोन दिवसांत चिकट होतो. वाटीला मीठ चोळावं की खोबरं भाजून ठेवावं? (हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या माशाच्या आमटीला, भाजलेलं चालत नाही, तीच तर पंचाईत.)

पालेभाजीत टाकळा सोडून आणखी फुकटातलं काय मिळेल?