‘काहून?’ला काय सांगू? दुःखाच्या प्रश्नावर काय वाचावं, सुचवा (नागपूर)

जरीपटक्याची
जय ख्रिस्त. सल्ला हवाय, आणि वेळ कमी आहे.

पुढच्या गुरुवारची कॉटेज मीटिंग (घरी भरणारी प्रार्थनासभा) आमच्या घरी आहे. विषय पाळकसाहेबांनीच दिला: देव चांगला आहे, सर्वसमर्थ आहे, मग दुःख कशाला? एरवी चार वचनं जोडून वीस मिनिटं निभावून नेली असती. पण ऑक्टोबरात माझा भाचा डेंगीनं गेला. नऊ वर्षांचा होता. माती दिल्यावर कुणीतरी ताईला म्हणालं, चांगली फुलं देव आधी खुडतो. ती तेव्हा काही बोलली नाही, पण नंतर चर्चला आली नाही. मीटिंगला येते म्हणाली, घरचीच आहे म्हणून. परवा भांडी विसळता विसळता तिनं मला एकच शब्द विचारला, "काहून?"

काय वाचू? मराठीत असेल तर उत्तम. इंग्रजी वाचेन, पण समोर सत्तरीच्या आज्या असतात. आणि ताई असणार आहे.

बर्डीचा_मास्तर
तत्त्वज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. या विषयाचे दोन कप्पे आहेत आणि लोक नेहमी चुकीचा उघडतात.

पहिला डोक्याचा. संत ऑगस्टिन (३५४–४३०) म्हणतो, वाईट ही वेगळी वस्तू नाहीच, ती चांगल्याची उणीव. जखम म्हणजे निरोगीपणाचा अभाव, तसं. आणि ती उणीव आली माणसानं आपल्या मर्जीनं देवाकडे पाठ फिरवली म्हणून. खून, युद्ध यांना हे लागू पडतं. डासाला मात्र कसली आली मर्जी! दुसरी वाट दुसऱ्या शतकातल्या बिशप आयरेनियसची. जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६६ साली ती नव्यानं मांडली: माणूस घडून आलेला नाही, घडतो आहे, आणि टाके-टोचणीशिवाय घडण होत नाही. ऐकायला छान. पण ज्याला घडायला नऊच वर्षं मिळाली त्याचं काय, इथं गाडी अडते. हिकनं घडण मरणानंतरही चालू राहते असं म्हणून ती पुढे ढकलली.

लाइबनिझ या जर्मन तत्त्वज्ञानं १७१० साली लिहिलं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हे सर्वोत्तम. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाला, चर्चेस भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला. त्यानंतर ते वाक्य कुणाला सरळ तोंडानं म्हणता आलं नाही.

आधुनिकांत आल्विन प्लँटिंगा हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ वाचा, १९७४चं छोटं पुस्तक आहे. मॅकी नावाच्या नास्तिकानं १९५५ साली म्हटलं होतं की देव आणि दुष्टाई एकत्र असणं तर्कातच बसत नाही. प्लँटिंगानं दाखवलं, बसू शकतं. एवढंच. आणि प्रामाणिक माणूस असा, की यातलं काही दुःखात असलेल्याच्या कामाचं नाही, त्याला पाळक हवा, हे त्यानं तिथंच लिहून ठेवलंय.

म्हणून हा सगळा कप्पा तुमच्यासाठी. ताईसमोर उघडू नका.

फुटाळ्याचा_पोट्टा
एवढं काय त्यात? ज्याचं त्याचं प्रारब्ध. मागच्या जन्माचं असते बाप्पा.

मोहननगरची_आजी
पोरा, नऊ वर्षांच्या लेकराला प्रारब्ध चिकटवू नको. हाच प्रश्न शिष्यांनीही केला होता, योहानाचा नववा अध्याय काढ: हा आंधळा जन्मला, पाप याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. लूक तेरामध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तीही इतरांहून जास्त पापी नव्हती.

जरीपटक्याच्या बाई, मी चाळीस वर्षं कॉटेज मीटिंगला जाते, म्हणून सांगते. बायबलातला ईयोब काढा, ज्याची लेकरं, संपत्ती सगळं गेलं तो, पण सगळा नको. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद, सोफर आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही. आणि ईयोब देवाला काय काय बोललाय, वाचून पाहा!

मग स्तोत्र ८८. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी जरा वर येतात, हे येत नाही, अंधारातच संपतं. आमच्या मंडळीत ते कधी वाचलेलं मला आठवत नाही. तरी पवित्र शास्त्रात आहे ना? म्हणजे असं बोलायची परवानगी आहे.

मराठीत पंडिता रमाबाईंचं चरित्र घ्या. दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले, मग बहीण, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. म्हातारपणी, १९२१ला, एकुलती लेक मनोरमाही गेली. बाई बायबलचं भाषांतर करत राहिल्या. ‘फुलं खुडतो’ म्हणणाऱ्यांना हे वाचायला द्या.

सेमिनरी_हिल्सवाला
आजींना दंडवत. कॅथलिक बाजूनं थोडी भर. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ला दुःखावर एक प्रेषितीय पत्र काढलं. त्याआधी तीन वर्षांपूर्वी सेंट पीटर चौकात त्यांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे शब्द पोकळ नाहीत. आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येतं, असा त्याचा गाभा. पण हे आत्ताच ताईला देऊ नका. ‘तुझं दुःख उपयोगाचं आहे’ असं ऐकू येईल.

मला स्वतःला मोल्टमान हा जर्मन धर्मशास्त्री जवळचा. १९४३ला हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शेजारचा मित्र गेला, हा वाचला. देव कुठे आहे, हे तेव्हापासून विचारत राहिला. १९७२च्या पुस्तकात त्याचं म्हणणं असं की क्रुसावर ‘माझा त्याग का केलास’ ओरडणारा पुत्र आणि तो मरताना पाहणारा पिता, दोघंही दुःखात आहेत. म्हणजे लेकरू गमावलेल्या बाजूला देव स्वतः उभा. देवाला दुःख होऊच शकत नाही, असं जुने धर्मशास्त्री मानत. ते आजही याच्याशी भांडतात. जर्मन वळणाचं अवघड लिखाण आहे, ओळखीच्या फादरांना गाठून बसा.

आणि सी. एस. लुईस हा इंग्रजी ख्रिस्ती लेखक वाचणार असाल तर त्याचं १९४०चं पुस्तक नको, १९६१चं घ्या. पहिल्यात तो दुःख समजावून सांगतो. दुसरं बायको कॅन्सरनं गेल्यावरची वही, आधी टोपणनावानं छापलेली. त्यात समजावणं नाही.

दीक्षाभूमी_रोड
मी बौद्ध, आमच्याकडे ‘देवानं का केलं’ हा प्रश्नच नाही. पण किसा गोतमी आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन, बुद्धानं सांगितल्यावरून, ती दारोदार मोहऱ्या मागत फिरली, जिथं कुणी मेलं नाही अशा घरच्या. असं घर मिळालं नाही. आजींचं सात दिवसांचं गप्प बसणं वाचून ती आठवली.

फुटाळ्याचा_पोट्टा
चुकलं आजी. बोलून गेलो.

जरीपटक्याची
सगळ्यांचे आभार. मास्तर, प्लँटिंगा मागवलाय, माझ्यासाठी. गुरुवारी ईयोबाचे सात दिवस आणि स्तोत्र ८८, एवढंच. आजी, एक विचारू? स्तोत्र ताईलाच वाचायला सांगू का?

मोहननगरची_आजी
आदल्या दिवशी विचारा, सगळ्यांसमोर नको. नाही म्हणाली तर तुम्ही वाचा, आणि नंतर कुणाला लगेच प्रार्थना करू देऊ नका. आमच्यातल्या एकदोघी फार लांबवतात. मीटिंग आठला ठेवा, मे महिना आहे, सातला भिंतींतून वाफा निघतात. कूलरमध्ये पाणी भरून ठेवा.