प्राचीन इजिप्तचे साहित्य : अखंड परंपरा की जुनेपणाचा आव?

नीलकाठ (धागाकर्ता) :
सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये इ.स.पू. २३५०च्या सुमारास कोरलेले मंत्र मध्य राज्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे २०००–१७००) लिश्तच्या सेन्वोस्रेतांखच्या थडग्यात जवळजवळ जसेच्या तसे आढळतात. त्यांतील कित्येक पुढे शवपेटिकांवर आणि ‘मृतांच्या पुस्तका’त, म्हणजे परलोकासाठीच्या मंत्रांच्या संग्रहात, गेले, आणि उनासनंतर सुमारे सतराशे वर्षांनी सव्विसाव्या राजवंशातील थडग्यांतही ते पुन्हा कोरले गेले. ही परंपरा अखंड मानण्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे मत आहे.

शंकासुर :
नक्कल टिकली म्हणून अर्थही टिकला, असे होत नाही. रामेसेस राजांच्या काळात (इ.स.पू. सुमारे १३००–१०७०) देर अल-मदिना या कारागिरांच्या गावात मध्य राज्यातील अमेनेमहात राजाचा उपदेश खापऱ्यांवर उतरवणाऱ्या शिकाऊ लेखनिकांची बोली बदललेली होती, आणि त्यांच्या प्रतींत काही ठिकाणी वाक्याचा अर्थच लागत नाही. शाबाका राजाच्या कोरीव शिळेचे काय करायचे? पूर्वजांचा लेख किड्यांनी खाल्लेला सापडला म्हणून तो नव्याने कोरवला, असे हा राजा इ.स.पू. ७१०च्या सुमारास सांगतो. अभ्यासकांनी बराच काळ त्यावर विश्वास ठेवून मजकूर जुन्या राज्याचा, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातला, ठरवला. आज मात्र तो पुष्कळ नंतरचा, जुन्या धाटणीत मुद्दाम रचलेला मानण्याकडे कल आहे.

नीलकाठ :
तरीही जुनी धाटणी वठवायची, तर ती जाणणारा लेखक लागतोच. शिवाय ‘मृतांच्या पुस्तका’च्या सतराव्या अध्यायात ओळीमागोमाग ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो आणि कधी एकाऐवजी दोन उत्तरे दिली जातात. दुर्बोध झालेल्या मजकुरावर भाष्य करणारी माणसे केवळ नकलनवीस नव्हती.

वाळूघड्याळ :
दोघांनीही खाखेपेर्रेसेनेब या प्राचीन इजिप्शियन लेखकाला वगळले, याचे नवल वाटते. पूर्वजांनी उच्चारलेले नकोत, कोणी न वापरलेले शब्द हवेत, अशी याचना तो करतो. पण ती करतो विलापाच्या रुळलेल्या साच्यातच. आणि त्याची ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली, ती मुख्यतः अठराव्या राजवंशातील (इ.स.पू. सुमारे १५५०–१२९०) एका लेखनफळीवरच्या नकलेमुळे.

शंकासुर :
हे उदाहरण मार्मिक आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे, कारण परंपरेचे ओझे खुद्द इजिप्शियन लेखकालाच जाणवत होते. रामेसेस राजांच्या काळातील एक पपायरस हार्देदेफ आणि इम्होतेप या जुन्या राज्यातील नावाजलेल्या ज्ञानी पुरुषांच्या तोडीचा आज कोण आहे, असे विचारतो. त्यांपैकी इम्होतेपच्या उपदेशाची एकही ओळ अद्याप सापडलेली नाही. ग्रंथ हाती नसतानाही ग्रंथकाराचे नाव मिरवता येते, म्हणून अशा गौरवाला मी वाचनाचा पुरावा मानत नाही.