मदत हवी आहे : जत्रेतल्या शोभेच्या दारूकामाचे फोटो पांढरेफटक येतात

वेशीपलीकडे :
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या जत्रेत छबिना देवळात परतल्यावर समोरच्या माळावर शोभेचे दारूकाम होते. गेली दोन वर्षे मी त्याचे फोटो काढतो आहे आणि दोन्ही वेळा औटाच्या (आकाशात उडून फुलणाऱ्या फटाक्याच्या) जागी नुसता पांढरा गोळा व त्याभोवती राखाडी ढग उमटला आहे. लेन्स पुढेमागे घरघरत राहते आणि फोकस लागेपर्यंत औट विझून जातो. या शनिवारी जत्रा आहे, तेव्हा कृपया नेमकी सेटिंग सांगावी. ‘सरावाने जमेल’ हे उत्तर मला पूर्वी मिळाले आहे आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

सुमेधा_नाशिक :
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, ट्रायपॉड आहे का आणि बिघडलेल्या फोटोंचे आकडे काय होते, हे कळल्याशिवाय नेमके काही सांगता येणार नाही.

जुना_फिल्मवाला :
कॅमेरा कोणताही असो, बल्ब मोड (बटण दाबून ठेवाल तितका वेळ शटर उघडे) आणि काळा पुठ्ठा यांना पर्याय नाही. शटर उघडे ठेवावे, लेन्ससमोर पुठ्ठा धरावा, औट वर निघाला की पुठ्ठा बाजूला करावा आणि फुलून विझला की पुन्हा झाकावे. असे तीन-चार औट एकाच फोटोत येतात. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो मिळत असल्यामुळे आम्ही दारूकाम असेच टिपत होतो.

निळीशाई :
आता चांगल्या मोबाइलमध्ये रात्रीचा मोड असतो. मोबाइल कट्ट्यावर टेकवून ठेवला की काम होते, एवढा खटाटोप लागत नाही.

वेशीपलीकडे :
मला मोबाइलवर काढायचे नाहीत. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे आणि सगळे ऑटोवर होते.

सुमेधा_नाशिक :
ट्रायपॉडचे उत्तर राहिले. एखादा फोटो कॅमेऱ्यावर उघडून माहितीचे बटण दाबा आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला आहे तो आकडा) किती दिसतो ते लिहा.

वेशीपलीकडे :
आयएसओ ६४००, १/६० सेकंद, एफ/४. फ्लॅशही उडाला होता असे दिसते. ट्रायपॉड नाही, पण गावातल्या स्टुडिओवाल्याकडून आणता येईल.

सुमेधा_नाशिक :
मग बिघाड इथेच आहे. अंधार पाहून कॅमेऱ्याने आयएसओ वाढवला, पण औट हा स्वतःच प्रखर दिवा असतो. ठिणगी चौकटीतून सरकत जाते आणि एका जागी क्षणभरच असते, त्यामुळे तिची रेघ किती उजळ यावी हे आयएसओ आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) ठरवतात; शटर किती वेळ उघडे आहे यावर फक्त रेघ किती लांब येईल आणि किती औट मावतील हे ठरते. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/११ आणि ४ सेकंद यापासून सुरुवात करा. फ्लॅश बंद ठेवा, कारण त्याचा उजेड काही मीटरच पोहोचतो आणि समोरची डोकी व धूळ तेवढी उजळते. फोकससाठी लांबच्या एखाद्या दिव्यावर ऑटोफोकस लावून घ्या, लगेच लेन्सवरचे बटण एमएफकडे (हाताने फोकस) सरकवा आणि नंतर रिंगला हात लावू नका. ट्रायपॉडवर असताना लेन्सचे स्टॅबिलायझरही (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा.

रसायनवाला :
पांढऱ्या गोळ्याबद्दल थोडी भर घालतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे, हिरवा बेरियममुळे, पिवळा सोडियममुळे आणि निळा तांब्यामुळे येतो. सेन्सरवर उजेड मर्यादेपलीकडे गेला की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही भाग पूर्ण भरतात आणि मूळ रंग कोणताही असला तरी पांढरेच उमटते. निळी ज्योत मुळात मंद असते, त्यामुळे ती नीट यावी म्हणून एफ/८ ठेवावे असे माझे मत आहे.

सुमेधा_नाशिक :
निळ्यासाठी एफ/८ ठेवले, तर त्याच फोटोतला चंदेरी औट हमखास जळेल. मी एफ/११ वरच राहीन आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवून निळा नंतर थोडा उचलेन.

घाटवाटा :
कुठे उभे राहावे हे कोणीच लिहिलेले नाही. देवळाच्या शिखरावरचा झेंडा ज्या दिशेला फडकतो, धूर त्याच दिशेला जातो, म्हणून वारा आपल्या पाठीवर येईल अशी जागा धरावी आणि पहिले दहा-बारा औट सोडू नयेत, कारण धूर साचल्यावर रंग मळकट होतात. दारू साठवलेल्या जागेपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. १० एप्रिल २०१६ रोजी केरळमध्ये परवूरच्या पुट्टिंगल देवळात ठिणग्या साठ्यावर पडल्या आणि शंभराहून अधिक माणसे गेली. दूर उभे राहिल्याने फोटोचे काही बिघडत नाही; दीडशे मीटरवरून, तुमची लेन्स १८ मिमीवर (सर्वांत रुंद) ठेवली तर, उभ्या चौकटीत शंभर मीटर उंचीवर फुटलेला औट सहज मावतो.

वेशीपलीकडे :
उभी चौकटच हवी आहे, ते लिहायचे राहिले. जत्रेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी फोटो द्यायचा आहे आणि खाली देवळाचे शिखर दिसायला हवे. शिखरावर हॅलोजन असतो.

सुमेधा_नाशिक :
हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. शिखर जागचे हलत नाही, त्यामुळे शटर जितका वेळ उघडे राहील तितके ते उजळत जाईल. काळ्या पुठ्ठ्याची युक्ती इथे अडचणीत येते.

जुना_फिल्मवाला :
अडचणीत येत नाही. पुठ्ठ्याने झाकलेले असताना शिखराचा उजेडही आत येत नाही. फक्त उघडे सेकंद एकूण किती झाले ते मोजायचे.

सुमेधा_नाशिक :
मान्य आहे, पण चार औट घेतले की उघडे सेकंद १५ च्या घरात जातात. आधी नुसत्या शिखराचे फोटो काढून कोणत्या सेकंदाला ते जळते ते पाहावे आणि त्या मर्यादेतच पुठ्ठा चालवावा.

वेशीपलीकडे :
शुक्रवारी रात्रीची हकिकत लिहितो. आधी गच्चीवर पुतण्याला फुलबाजी गोल फिरवायला लावली आणि एफ/११ वर ४ सेकंदांचा फोटो काढला. पहिल्यांदाच पांढऱ्या धब्ब्याऐवजी सोनेरी वर्तुळ आले आणि त्यातून सुटलेली एकेक ठिणगी केसासारखी बारीक, वेगळी दिसली. मग माळावर जाऊन शिखराचे फोटो काढले. ४ सेकंदांना चुन्याच्या रंगाखालचे नक्षीकामही दिसते, ८ ला कळस उजळतो आणि १५ ला सगळे शिखर सपाट पांढरे होते. कमिटीने दारूकामापुरता माळाकडचा हॅलोजन बंद ठेवण्याचे कबूल केले आहे. आता दोनच अडचणी उरल्या आहेत. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा ४ सेकंद अडकून राहतो आणि कॅमेरा उभा केला की ट्रायपॉडचे डोके हळूहळू खाली झुकते.

सुमेधा_नाशिक :
मेनूमधले लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो कॅमेरा स्वतःसाठी घेतो, म्हणून तो अडकतो. हॅलोजन बंद झाल्यावर शिखर काळे पडेल, तेव्हा दारूकाम सुरू होण्याआधी पुन्हा एकदा सेकंद तपासून घ्या.

घाटवाटा :
कॅमेरा ज्या बाजूला आडवा होतो, त्याच बाजूला ट्रायपॉडचा एक पाय येऊ द्या आणि मधल्या दांडीला पिशवी लटकवा. झुकणे थांबले नाही, तर डोक्याचा स्क्रू झिजलेला असेल; स्टुडिओवाल्याकडून सकाळीच दुसरा बदलून आणा.