फाइल काढून टाकली तरी सर्व्हरची डिस्क भरलेलीच दिसते. जागा कशी मोकळी करावी?

रात्रपाळी (प्रश्न)

आमच्या एका लिनक्स सर्व्हरचे रूट पार्टिशन १०० जीबीचे असून त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम आहे. काल रात्री ते पूर्ण भरले आणि 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश देऊन नव्या नोंदी अडकू लागल्या. शोध घेतला तेव्हा आमच्या जावा ॲप्लिकेशनची एकच लॉग फाइल ३८ जीबीची झाल्याचे दिसले, म्हणून ती आरएम कमांडने काढून टाकली. तरीही डीएफ कमांड आजही ९५ जीबी वापरात आणि उपलब्ध जागा शून्य असेच दाखवते. डीयू कमांडने सगळ्या डिरेक्टरींची बेरीज केली, तर ती मात्र ५७ जीबीच भरते.

मधले ३८ जीबी कुठे गेले, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की, कामकाजाच्या वेळेत ॲप्लिकेशन बंद करण्याची परवानगी नसताना ते परत मिळवता येतील का? उरलेल्या ५७ जीबीमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसचे बायनरी लॉग (डेटातल्या बदलांच्या नोंदी) २१ जीबी, डॉकर (ॲप्लिकेशन वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी प्रणाली) १२ जीबी आणि सिस्टमडीचे जर्नल (सिस्टीमच्या नोंदी) ४ जीबी आहे. यांपैकी काय निर्धास्तपणे काढता येईल, हेही जाणकारांनी सांगावे.

टर्मिनलवासी

आपली जागा कुठेही गेलेली नाही. ती अजून त्याच फाइलकडे आहे, फक्त त्या फाइलला आता नाव उरलेले नाही. लिनक्समध्ये फाइलचे नाव हे डिरेक्टरीतली एक नोंद असते आणि प्रत्यक्ष मजकूर आयनोडशी (फाइलची माहिती आणि तिच्या ब्लॉकचा पत्ता ठेवणाऱ्या रचनेशी) जोडलेला असतो. आरएम ही नोंद पुसते. त्या आयनोडकडे नेणारे एकही नाव उरलेले नसेल आणि एकाही प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती फाइल उघडून धरलेली नसेल, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच फाइल सिस्टीम ते ब्लॉक मोकळे करते. आपले जावा ॲप्लिकेशन अजून चालू आहे, म्हणजे दुसरी अट पुरी झालेली नाही. डीयू नावांच्या वाटेने फिरत बेरीज करते, म्हणून तिला ही फाइल दिसत नाही. डीएफ थेट फाइल सिस्टीमला विचारते, म्हणून तिला दिसते.

खात्री करण्यासाठी रूट वापरकर्ता म्हणून 'एलएसओएफ +एल१' ही कमांड चालवावी. ज्यांची नावे पुसली गेली आहेत, पण ज्या अजून उघड्या आहेत, अशाच फाइली ती दाखवते. ओळीच्या शेवटी कंसात 'डिलीटेड' असे लिहिलेले असेल, एनलिंक या रकान्यात ० असेल आणि आकाराच्या रकान्यात आपले ३८ जीबी बाइटमध्ये दिसतील. त्याच ओळीतला प्रोसेसचा क्रमांक आणि एफडी (फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक) रकान्यातला आकडा टिपून ठेवावा. 'डब्ल्यू' हे अक्षर जोडलेले असेल तर ती प्रोसेस फाइलमध्ये लिहीत आहे असे समजावे.

आता ॲप्लिकेशन बंद न करता जागा सोडवायची, तर /प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात तो आकडा एखाद्या फाइलसारखा सापडतो. 'ट्रंकेट -एस ०' या कमांडला हा मार्ग द्यावा, म्हणजे फाइल उघडीच राहते आणि तिचा आकार तेवढा शून्य होतो. त्यातल्या नोंदी पुढे तपासासाठी हव्या असतील, तर त्याआधीच याच मार्गावरून सीपी कमांडने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून घ्यावी. एकदा आकार शून्य झाला की त्या परत मिळणार नाहीत.

एक बारकावा लक्षात असू द्यावा. ॲप्लिकेशनने फाइल जोड-लेखनाच्या, म्हणजे अपेंडच्या पद्धतीने उघडलेली नसेल, तर ते आपल्या जुन्याच जागेपासून पुढे लिहीत राहते आणि फाइलचा आकार पुन्हा ३८ जीबी दिसू लागतो. त्याने घाबरू नये, कारण मधला भाग पोकळ असतो आणि डिस्कवर जागा व्यापत नाही.

बिनलॉग

मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगपुरते सांगतो. त्या फाइलींना आरएम लावू नका. फाइली जातात, पण त्यांच्या अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये नावे तशीच राहतात आणि पुढे सर्व्हर न सापडणाऱ्या फाइली शोधत बसतो. मायएसक्यूएलमध्येच 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' या आदेशापुढे तारीख देऊन जुने लॉग काढावेत. रेप्लिका (याच डेटाबेसची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल, तर ती कोणत्या फाइलपर्यंत वाचून पोचली आहे हे तिच्यावर 'शो रेप्लिका स्टेटस' देऊन आधी पाहावे. जोडलेली रेप्लिका वाचत असलेली फाइल मायएसक्यूएल काढत नाही. पण रेप्लिका तुटलेली असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि तिने न वाचलेले लॉग गेले की ती पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागते.

मायएसक्यूएल ८.० मध्ये हे लॉग मुळातच ३० दिवस ठेवले जातात. 'बिनलॉग एक्सपायर लॉग्ज सेकंड्स' या व्हेरिएबलची मूळ किंमत २५,९२,००० सेकंद असते. रोजचा बॅकअप खात्रीचा असेल आणि तो परत चढवून पाहिलेला असेल, तर ७ दिवस, म्हणजे ६,०४,८०० सेकंद, पुरेसे होतात. बॅकअप कधी तपासलाच नसेल, तर मी या व्हेरिएबलला हात लावणार नाही.

टेबलांतल्या जुन्या ओळी डिलीट करून जागा मिळेल, अशी अपेक्षाही ठेवू नका. इनोडीबी (मायएसक्यूएलचे टेबले साठवणारे इंजिन) ती मोकळी जागा स्वतःच्या फाइलमध्येच राखून ठेवते. 'ऑप्टिमाइझ टेबल'ने ती परत मिळवता येते खरी, पण तो आदेश टेबलाची नवी प्रत तयार करतो, आणि भरलेल्या डिस्कवर त्या प्रतीलाच जागा नसते.

तातडीची थोडी जागा हवी असेल, तर ईएक्सटी४ रूटसाठी जे ५ टक्के राखून ठेवते ते 'ट्यून२एफएस -एम १' देऊन १ टक्क्यावर आणता येतात. १०० जीबीवर ४ जीबी लगेच सुटतील. ९५ जीबी वापरात असताना उपलब्ध शून्य का दिसते, याचेही उत्तर हेच आहे.

जुनाजाणता

वरचे बाकी सर्व मान्य आहे, पण शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. निव्वळ डेटा ठेवण्याच्या स्वतंत्र पार्टिशनवर राखीव जागा कमी करण्यास हरकत नाही. रूट पार्टिशनवर मात्र काल रात्री डिस्क भरलेली असतानाही प्रशासकाला लॉगिन करून काम करता आले, ते त्या राखीव जागेच्या आधारावर. शिवाय लॉगचा वेग तोच राहिला, तर हे ४ जीबी किती काळ पुरणार?

जर्नलबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. 'जर्नलसीटीएल --रोटेट' देऊन नंतर '--व्हॅक्यूम-साइज' या पर्यायाने ५०० एमबीची मर्यादा द्यावी. रोटेट आधी द्यायचे, कारण व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या जर्नल फाइलींनाच हात लावते. कायमचा बंदोबस्त हवा असल्यास जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सिस्टम मॅक्स यूज' लिहावे.

डॉकरच्या बाबतीत 'डॉकर सिस्टम प्रून' ही कमांड पुष्कळजण डोळे मिटून देतात. ती थांबलेले सगळे कंटेनर काढून टाकते, आणि कोणी व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची साठवण) न जोडता कंटेनरच्या आतच काही साठवले असेल तर तेही त्याबरोबर जाते. आधी 'डॉकर सिस्टम डीएफ' देऊन १२ जीबीतले किती इमेजचे (कंटेनरच्या साच्यांचे) आणि किती बिल्ड कॅशचे (इमेज बनवताना साठलेल्या तात्पुरत्या डेटाचे) आहेत हे पाहावे. कॅशच जास्त असेल, तर फक्त 'डॉकर बिल्डर प्रून' पुरते.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. एलएसओएफने दोन ओळी दाखवल्या. एक जावाची, एफडी रकान्यात '७डब्ल्यू', आणि दुसरी लॉग पुढे पाठवणाऱ्या एजंटची, '१२आर' ('आर' म्हणजे वाचणारी). दोन्हींत आयनोडचा क्रमांक एकच होता. प्रत काढून जावाच्या मार्गाने ट्रंकेट केले आणि डीएफ ५७ जीबीवर आले. राखीव ५ टक्के तसेच ठेवले आहेत. आता हीच फाइल पुन्हा फुगू नये म्हणून लॉगरोटेट (जुनी लॉग फाइल बाजूला करून नवी सुरू करणारे साधन) बसवायचे आहे, पण आमच्या ॲप्लिकेशनला लॉग पुन्हा उघडण्याचा सिग्नल समजत नाही.

टर्मिनलवासी

सिग्नल समजत नसेल, तर लॉगरोटेटने फाइलचे नुसते नाव बदलून उपयोग नाही. ॲप्लिकेशन नाव बदललेल्या त्याच फाइलमध्ये लिहीत राहील. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर१ सिग्नल दिला की ते लॉग नव्याने उघडते, तशी सोय नसलेल्यांसाठी 'कॉपीट्रंकेट' हा पर्याय आहे. तो आधी प्रत काढतो आणि मग मूळ फाइल शून्यावर आणतो. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात आलेल्या काही ओळी हरवू शकतात, आणि प्रत निघेपर्यंत फाइलच्या आकाराइतकी जादा जागा लागते. म्हणून फाइल १ जीबीच्या आतच बदलावी.

त्यासाठी नुसते 'साइज १जी' लिहून भागणार नाही. लॉगरोटेट स्वतः फाइलवर नजर ठेवून बसत नाही. ते जेव्हा चालवले जाते तेव्हाच आकार तपासते, आणि बहुतेक ठिकाणी ते दिवसातून एकदाच चालते. आपला लॉग एका दिवसात १ जीबीच्या पुढे जात असेल, तर लॉगरोटेटचा टायमर तासावर आणावा लागेल. जावाच्या लॉगबॅक किंवा लॉग४जे२ या लायब्ररीत आकारानुसार फाइल बदलण्याची सोय असते. विकासकांना ती लावायला सांगता आली, तर कॉपीट्रंकेटची गरजच उरणार नाही आणि ओळीही हरवणार नाहीत.