विषय: बफेलो-शिकागोचा हिवाळी अंदाज आणि डिसेंबरात निघणारी ज्येष्ठ मंडळी

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, नमस्कार.
आवंदा आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतून आई-वडील डिसेंबरात बफेलो, रॉचेस्टर आणि शिकागोकडे निघालेत. मुलांनी अमेरिकी हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा नकाशा पाठवलाय. पाऊस-बर्फाच्या नकाशात महासरोवरांचा (ग्रेट लेक्सचा) पट्टा हिरवा आहे, तापमानाच्या नकाशात तोच पट्टा पांढरा. पांढरं म्हणजे थंडी बेताचीच, असं इथं सगळ्यांनी धरून चाललंय. ते बरोबर आहे का? तिकिटं पुढं ढकलावीत का? कपडे काय न्यावेत? इथं पारा बारा अंशांवर आला की आपण कडाका म्हणतो, तो हिशेब धरून समजावून सांगा.

प्रेषक: मूळ खानापूर, मुक्काम बफेलो

काका, पांढऱ्याचा अर्थ 'बेताची थंडी' नव्हे. तिथंच सगळी गफलत होते. या नकाशात तीन खाने असतात: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीच्या आसपास आणि सरासरीपेक्षा कमी. कुठलाच कल दिसत नसेल तेव्हा तिन्हींना सारखीच संधी, म्हणजे प्रत्येकी ३३ टक्के, आणि तो भाग पांढरा ठेवतात. पारडं कुठं झुकेल ते आत्ता सांगता येत नाही, एवढंच खातं सांगतंय. हिरव्यावर, म्हणजे 'सरासरीपेक्षा जास्त' या खान्याच्या रंगावर, ४० टक्के लिहिलं असेल, तर उरलेले ६० टक्के दुसऱ्या दोन खान्यांत आहेत हेही ध्यानात घ्या. शिवाय हा अंदाज तीन महिन्यांच्या बेरजेचा आहे. बर्फ किती फूट पडेल हे त्यात नसतंच. पाऊस आणि वितळलेला बर्फ एकाच मापात धरलेला असतो.

ला निना असली, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा ठरावीक पट्टा सरासरीहून निदान अर्धा अंश थंड राहिला, की महासरोवरांकडे ओल जास्त असण्याकडे कल असतो. कल म्हणजे कलच. ध्रुवाकडची गार हवा खाली घसरून जी हाडं गोठवणारी थंडी येते, तिचा सुगावा फार तर दोन-तीन आठवडे आधी लागतो. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३१ अंश सेल्सिअसवर गेला. ऑक्टोबरच्या नकाशावरून ती तारीख कुणालाच काढता आली नसती.

बफेलोचं खरं दुखणं सरोवराचं आहे. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलंय आणि गाव त्याच्या पूर्वेच्या टोकाला. पाणी अजून कोमट आणि वरून गार वारा सरोवराच्या लांबीभर वाहत आला, की तो ओल उचलतो आणि काठावर आल्यावर ओततो. पाण्याच्या आणि दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या तापमानातला फरक १३ अंशांच्या पुढं गेला की ही चक्की सुरू होते. पट्टा अगदी अरुंद असतो. कणकुंबीला कोसळतोय आणि अथणीला ढग नुसते वरून चाललेत, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. इथं तेच वीस-पंचवीस किलोमीटरांत होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये दोन मीटर बर्फ पडला आणि उत्तरेकडच्या उपनगरांत काही इंच. म्हणून बातमीत 'बफेलो' ऐकून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. मुलाचं घर दक्षिणेला आहे की उत्तरेला ते आधी विचारा.

ईरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर. जानेवारी-फेब्रुवारीत ते बरंचसं गोठलं की बर्फ कमी होतो, थंडी मात्र राहते. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीची सुरुवात हा सगळ्यात अवघड काळ, आणि तुमची तिकिटं नेमकी त्यातच आहेत. तरीही नकाशा बघून ती पुढं ढकलू नका. त्यापेक्षा जोडविमानाचं बघा: न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरल्यावर निदान चार तास हातात ठेवा आणि पुढचं विमान दिवसाचं शेवटचं घेऊ नका. शेवटचं रद्द झालं की रात्र विमानतळावर, आणि हवामानामुळं रद्द झालं तर विमान कंपनीवर हॉटेल देण्याचं बंधन नाही. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलोचा विमानतळ २३ तारखेला बंद झाला तो २८ ला उघडला.

निघायच्या आठवड्यात नकाशा बाजूला ठेवा आणि स्थानिक इशारे बघा. पहिल्या पातळीचा, 'वॉच', साधारण दोन दिवस आधी येतो. तो आला की घरात लागणारं सामान भरून ठेवायचं. 'वॉर्निंग' आली की बाहेर पडायचं नाही. 'ब्लिझर्ड' हा शब्द बर्फ किती पडला त्याचा नाही: ताशी ५६ किलोमीटरचा वारा आणि ४०० मीटरच्या आतलं दिसणं, हे सलग तीन तास.

प्रेषक: निपाणी

कपड्यांचं मी लिहितो. बॅगा भरून स्वेटर न्यायलेत सगळी, खरं चूक अंगालगतच्या कापडात होते. सुती बनियन घाम पितं, ओलं राहतं आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. आतला थर लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर्मल हवा, दोन जोड. मधला थर लोकरीचा स्वेटर, तो इथला चालतो. वरचं जॅकेट तिथंच घ्या. आपल्याकडची दुचाकीवरची जॅकेटं वारा अडवतात, ऊब धरत नाहीत.

बूट एक नंबर मोठे आणि आत जाड लोकरी मोज्यांचा एकच जोड. दोन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं आधी गारठतात. हातमोजे चारी बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटांची ऊब एकमेकांना मिळते. निसरड्यासाठी बुटाला बाहेरून चढवायच्या काटेरी रबरी पट्ट्या मिळतात. साठीच्या पुढच्या माणसाला मी जॅकेटाच्याही आधी त्या घ्यायला सांगेन.

साडी नेसणाऱ्या आई-मावश्यांसाठी: रस्त्यावर बर्फ, पाणी आणि मीठ यांचा करडा चिखल असतो. काठ त्यात भिजला की घोट्याला गार पट्टी गुंडाळल्यासारखं होतं आणि वाळल्यावर मिठाचे पांढरे डाग राहतात. आत थर्मलची विजार घालून साडी चार बोटं वर नेसा, नाहीतर बाहेर जाताना सलवार बरी. घोंगडी नेऊ नका. घरात वीस अंश असतात, तिचं वजन फुकट जातं. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, ओठांना आणि टाचांना पेट्रोलियम जेली घ्या.

प्रेषक: मूळ शहापूर, मुक्काम शिकागो

निपाणीच्या दादांनी बरोबर लिहिलंय. वाऱ्याचं जोडतो. पारा उणे १८ आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल, तर अंगाला ती उणे २८ लागते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. कान, नाकाचा शेंडा, बोटांची टोकं आधी. कातडी पांढुरकी, मेणासारखी आणि बधिर झाली की चोळायचं नाही. ३७ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवायची. हीटरजवळही धरू नये, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. माणूस कुडकुडायचा थांबला आणि बरळायला लागला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे, लगेच ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, फिरवा.

आता घर. आपल्याकडं न्हाणीघराची खिडकी किलकिली ठेवायची सवय असते, ती इथं मोडा. बाहेर उणे सातच्या खाली गेलं की बाहेरच्या भिंतीतले नळ गोठायला लागतात. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, खरं पाइप बहुतेक वेळा बर्फाच्या गोळ्यापाशी फुटत नाही. गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब चढतो आणि तिथं फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेनं सोडतात, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवतात आणि घर बंद करून जातानाही थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवायचं यंत्र) १३ अंशांच्या खाली नेत नाहीत. पोचल्या दिवशी मुलाकडून पाण्याची मुख्य चावी कुठं आहे ते बघून घ्या. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूनं केस वाळवायच्या यंत्रानं शेका, ज्योत लावू नका.

घरातली हवा फार कोरडी होते. उणे १५ ची हवा आत आणून वीस अंशांवर तापवली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. घसा, नाकातून रक्त, टाचांच्या भेगा, सगळं त्यामुळं. वाफेचं यंत्र लावून ३० टक्क्यांवर ठेवा. फार वाढवलं की काचेवर पाणी साचतं आणि गोठतं.

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. वीज गेली तर शेगडी पेटवता येते का? आणि इन्सुलिन कसं न्यावं?

प्रेषक: मूळ शहापूर, मुक्काम शिकागो

काका, शेगडी अजिबात नको. आपल्याकडं कौलांतून आणि फटींतून वारा खेळतो, इथली घरं घट्ट बंद असतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणूनसुद्धा नको. प्रत्येक मजल्यावर त्या वायूचा गजर हवा. घर तापवणाऱ्या भट्टीचे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर निघालेले असतात, ते बर्फात गाडले गेले की भट्टी बंद पडते किंवा धूर आत येतो. वादळ ओसरल्यावर मुलांना आधी ते मोकळे करायला सांगा. विजेचा हीटर पडद्या-पांघरुणापासून निदान तीन फूट लांब आणि थेट भिंतीच्या सॉकेटात, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. दम्याचा पंप आतल्या खिशात ठेवा, गार पडला की फवारा नीट येत नाही.

प्रेषक: मूळ खानापूर, मुक्काम बफेलो

एक राहिलं. दारातला बर्फ ज्येष्ठांनी ओढू नये. मुलं नको म्हणतात तरी वडीलमंडळी फावडं घेतात. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद वाटेवर फूटभर हलका बर्फ पडला तरी तो साधारण साडेपाचशे किलो होतो, ओला असेल तर दुपटीहून जास्त. थंडीनं रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि त्यात हे ओझं, हृदयावर ताण येतो. मीठ टाकायचं काम तेवढं घ्या, तेही पारा उणे नऊच्या वर असताना. त्याखाली साधं मीठ चालत नाही, कॅल्शियम क्लोराइड लागतं. आणि वादळाआधी घरात तीन दिवसांचं पीठ, डाळ, औषधं आणि माणशी दिवसाला चार लिटर पाणी आहे ना, ते बघा.