एक्सेलमधली सभासद यादी लिनक्सवर नेल्यावर ओळी वाढतात आणि मोबाइल नंबर जुळत नाहीत

ऊसपट्टा
साखर कारखान्याची सभासद यादी आहे. विंडोजवरच्या एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केली, एसएफटीपीने लिनक्स सर्व्हरवर नेली आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ‘लोड डेटा लोकल’ या आज्ञेने भरली. स्तंभ असे: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, गट नंबर, पीक, मोबाइल. लोड करताना स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे आहेत एवढंच सांगितलंय, बाकी पर्याय दिलेले नाहीत. मराठी मजकूर व्यवस्थित दिसतो.

दोन गोष्टींचा उलगडा होत नाहीये. मोबाइल दिसायला दहा आकडी, पण लांबी ११ येते. एसएमएसच्या टेबलशी जोडलं तर एकही ओळ जुळत नाही, ट्रिम करूनही फरक पडत नाही. दुसरं म्हणजे, एक्सेलमध्ये शीर्षकासकट ४,२१२ ओळी आहेत आणि लिनक्सवर ‘डब्ल्यूसी’ ४,२६० मोजतं. टेबलातल्या काही नोंदी तर पत्त्याच्या मधूनच सुरू होतात.

टीआर या लिनक्स कमांडने सगळे कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीअखेर टाकतं ते न दिसणारं अक्षर) उडवून पुन्हा भरलं तर दोन्ही सुटेल का?

टर्मिनल_काठ
पहिली सुटेल, दुसरी नाही. कारणं वेगवेगळी आहेत.

अकरावं अक्षर म्हणजे कॅरेज रिटर्न, किंमत १३. विंडोजमध्ये ओळ १३ आणि १० (लाइन फीड) या दोन बाइटनी संपते, लिनक्समध्ये फक्त १० ने. मायएसक्यूएलला वेगळं काही सांगितलं नाही तर ते १० वर ओळ तोडतं आणि १३ शेवटच्या स्तंभाला चिकटून आत जातो. मोबाइल शेवटी आहे म्हणून फटका त्याला बसला. ज्यांचा मोबाइल मुळात नोंदलेलाच नाही, त्यांचीही ओळ बघा: तो रकाना रिकामा नसून त्यात एकटा १३ असणार, त्यामुळे ‘मोबाइल नसलेले सभासद’ ही यादीही चुकीची येत असेल. ट्रिम नुसत्या स्पेस काढतं, १३ ला हात लावत नाही. खात्री करायची तर हेक्स फंक्शन लावून बघा, शेवटी ‘०डी’ (म्हणजे १३) दिसेल.

आता ४८ जादा ओळी. ग्रेपला (ओळी शोधणारी कमांड) डॉलर चिन्ह आणि पुढे एकेरी अवतरणात बॅकस्लॅश-आर देऊन कॅरेज रिटर्न असलेल्या ओळी मोजा. ४,२१२ आल्या तर खऱ्या ओळी तेवढ्याच. उरलेल्या ४८ ठिकाणी कुणीतरी एकाच रकान्यात ऑल्ट-एंटर मारून पत्ता दोन ओळींत लिहिलाय. एक्सेल रकान्याच्या आतला एंटर नुसता १० म्हणून लिहितं आणि ओळीचा शेवट १३-१० ने करतं. हा फरक तुमच्या कामाचा आहे. टीआर चालवलं की तो पुसला जाईल, मग नोंद कुठे संपली आणि पत्त्यात एंटर कुठे आहे हे नुसत्या दुहेरी अवतरणांवरूनच ओळखायचं उरेल.

इंद्रायणी_तीर
वरच्याला जोडून. फाइलला हात न लावता लोड डेटालाच खरं काय ते सांगा: स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे, रकाने ऐच्छिकरीत्या दुहेरी अवतरणात, ओळ बॅकस्लॅश-आर बॅकस्लॅश-एनने संपते, अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ आणि पहिली ओळ सोडून द्यायची. पत्त्यातले एंटर पत्त्यातच राहतील आणि मोबाइल दहाचा होईल. आधी टेबल रिकामं करा. १३ काढायला अपडेट चालवता येईल, पण मधून तुटलेल्या नोंदी त्याने सांधल्या जाणार नाहीत.

‘लोकल’ लावलं की एरवी ज्या चुकांवर काम थांबलं असतं, त्यांच्या नुसत्या सूचना होतात. स्तंभ कमी पडले तरी नोंद आत जाते. म्हणून भरून झाल्याबरोबर ‘शो वॉर्निंग्ज’ बघायचंच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं ‘कॉपी’ याबाबतीत कडक आहे. एकाच फाइलमध्ये, अवतरणांच्या बाहेर, दोन तऱ्हांचे ओळशेवट दिसले तर ते सरळ नकार देतं. मला तोच स्वभाव पटतो, कारण चूक दाराशीच पकडली जाते.

मधे पायथन असेल तर सीएसव्ही मॉड्यूलसाठी फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ हा पर्याय रिकाम्या अवतरणांसह द्या, वाचताना आणि लिहितानाही. तो न देता विंडोजवर लिहिलं तर प्रत्येक ओळीअखेर १३-१३-१० जातं आणि एक्सेलमध्ये एकाआड एक कोरी ओळ दिसते.

ऊसपट्टा
ग्रेपने ४,२१२ च दिले. सांगितलेल्या पर्यायांनी भरल्यावर शीर्षक वजा जाता ४,२११ नोंदी आल्या, मोबाइलही जुळले.

आता दुसऱ्या गट कार्यालयाची फाइल आली आहे. तिथे ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह केलीय. तिच्या प्रतीवर टीआर चालवून पाहिलं तर एकाआड एक ओळ चिनीसारख्या अक्षरांनी भरली. सेडने (मजकूर बदलणारी कमांड) ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न काढायला गेलं तर काहीच बदलत नाही. मूळ फाइल ओडीने (फाइलचे बाइट दाखवणारी कमांड) दशमान बाइटमध्ये पाहिली तर सुरुवातीला २५५ २५४ आहे आणि ओळ १३ ० १० ० अशी संपते.

टर्मिनल_काठ
२५५ २५४ म्हणजे यूटीएफ-१६ या पद्धतीची खूण, जोडीतला खालच्या स्थानाचा बाइट आधी. यात साधं अक्षर दोन बाइटचं असतं, म्हणून कॅरेज रिटर्न ‘१३ ०’ आणि लाइन फीड ‘१० ०’. टीआरने एकटा १३ काढला, त्याच्या जोडीचा ० मागे राहिला. तिथून पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटने सरकल्या. पुढच्या ओळीच्या शेवटी आणखी एक १३ गेला की जोड्या परत ताळ्यावर येतात, म्हणून एकाआड एक. सेड हलला नाही कारण त्याच्या दृष्टीने १० च्या आधी ० आहे, १३ नाही.

खरी अडचण याच्याही आत आहे आणि ती नेमकी आपल्या लिपीत येते. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा दुसरा बाइट ९ असतो, आणि ९ म्हणजे टॅब. ‘ऊ’चा पहिला बाइट १०. तुमच्या पीक स्तंभातला ‘ऊस’ बाइटमध्ये १० ९ ५६ ९ असा आहे. बाइट मोजणाऱ्या साधनाला तो असा दिसतो: नवी ओळ, टॅब, ८ हा आकडा, टॅब. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या नोंदीत ऊस, त्याची ओळ तिथेच तुटणार, आणि कटने स्तंभ काढायला गेलात तर प्रत्येक अक्षरागणिक नवा स्तंभ. ‘ऍ’चा पहिला बाइट १३ आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीने ‘ऍड.’ टाइप केलेल्या वकील सभासदाच्या नावातही टीआरने कात्री चालवली असेल. गुजराती आणि गुरुमुखीत तर प्रत्येक अक्षराचा दुसरा बाइटच १० आहे, मल्याळममध्ये १३.

यूटीएफ-८ मध्ये हे होत नाही. तिथे देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, ९, १० किंवा १३ त्यांत येऊच शकत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आयकॉन्व्हने यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ मध्ये आणा, ओळींचं नंतर बघा. आयकॉन्व्हला स्रोत म्हणून नुसतं ‘यूटीएफ-१६’ सांगा. ‘यूटीएफ-१६एलई’ सांगितलंत तर सुरुवातीची ती खूण अक्षर समजून ठेवली जाते आणि पहिल्या शीर्षकाला चिकटते. हे रूपांतर टाळता येणार नाही, यूटीएफ-१६ फाइल लोड डेटाला वाचताच येत नाही. रूपांतरानंतरही ओळी १३-१० नेच संपतील, तेव्हा वरचेच पर्याय चालतील, फक्त स्वल्पविरामाऐवजी टॅब.

इंद्रायणी_तीर
त्या कार्यालयाला एवढंच कळवा की ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. एक्सेल २०१६ किंवा नंतरचं असेल तर बहुधा तो पर्याय मिळेल.

सातबारा_डॉट
फाइल कशाने येते तेही तपासा. एसएफटीपी, आरसिंक बाइट जसेच्या तसे नेतात. जुनं एफटीपी मात्र ‘ॲस्की’ मोडमध्ये असेल तर वाटेतच ओळशेवट बदलतं, आणि विंडोजच्या कमांड लाइनवरचं एफटीपी त्याच मोडमध्ये सुरू होतं. यूटीएफ-१६ किंवा झिप फाइल त्यातून गेली की खराब झालीच. आधी ‘बायनरी’ टाइप करायचं. दोन्हीकडचा आकार ताडून बघा: मजकूर फाइल ओळींच्या संख्येइतक्याच बाइटनी लहान झाली असेल तर वाटेत रूपांतर झालंय. त्याहून चांगलं म्हणजे दोन्हीकडे शा-२५६ (फाइलच्या बाइटवरून निघणारा ठसा) काढून जुळवणं.

परतीच्या फाइलला, म्हणजे लिनक्सवरून विंडोजवाल्यांना द्यायची असेल तेव्हा, सेडने प्रत्येक ओळीला १३ जोडू नका. फाइलमध्ये काही ओळी आधीच १३-१० असतील तर त्यांना दुसरा १३ लागतो. युनिक्स-टू-डॉस ही कमांड आधीच बरोबर असलेली ओळ तशीच सोडतं. पण पत्त्यातला नुसता १० त्यालाही १३-१० करावासा वाटतो, म्हणून पत्त्यात एंटर असलेली यादी पायथनच्या सीएसव्ही रायटरनेच लिहा, तो नोंदीअखेर आपणहून १३-१० टाकतो. विंडोज १० ची १८०९ आवृत्ती येईपर्यंत नोटपॅड नुसत्या १० वर ओळ तोडत नव्हतं, अख्खी यादी एका ओळीत दिसायची. गट कार्यालयात त्याहून जुनं मशीन असेल तर ‘फाइल बिघडली’ असा फोन येईल, तेव्हा त्यांना ती एक्सेलमध्ये उघडायला सांगा.