मानसिक आजारांच्या वॉर्डात आधी कोणाकडे जायचं?

विद्यार्थिनी, बांबोळी: एकाला आवाज ऐकू येतायत. दुसरा लिथियमवर (मूड स्थिर ठेवायचं औषध), सकाळपासून उलट्या, हात जोरात थरथरतायत. तिसरी नुसती रडतेय. आधी कोण?

फोंडेकर: लिथियमवाला. मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी-मीठ गेलं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा, पातळी तपासायला रक्त पाठवा. १.५ mEq/L च्या वर विषबाधा धरतात.

म्हापसा_नाईट: थांबा हां. आवाजवाल्याला जाता जाता विचारा, ‘आवाज काय करायला सांगतात?’ ‘उडी घे’, ‘मार’ असं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. दुसऱ्या सिस्टरला लिथियमकडे पाठवा. आवाजवाल्याशी वाद नको. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय,’ एवढं पुरे.

फोंडेकर: मान्य. रडणारीला ‘सगळं ठीक होईल गो’ म्हणू नका, बोलणंच खुंटतं. गप्प शेजारी बसा. मरायचे विचार येतात का, हे मात्र सरळ विचारा.